हीट गन सारखी बंद पडते, लाकूड काळं होतं आणि रंग मात्र निघत नाही: काय काय तपासायचं

गेल्या महिन्याभरात आतेभावाचे मला चार फोन आले आणि चारही वेळा तक्रार एकच होती. "ताई, गन परत बंद पडली गं." पुण्याच्या नारायण पेठेतला त्यांचा वाडा पाडायला निघालाय. त्याआधी त्यानं माजघराचं सागवानी दार चौकटीसकट सोडवून घेतलं आणि धायरीच्या फ्लॅटच्या गच्चीत आणून ठेवलं. दारावर ऑइल पेंटचे निदान सात हात. बोहरी आळीतून त्यानं २००० वॉटची हीट गन, म्हणजे गरम हवेच्या झोतानं रंग मऊ करणारं यंत्र, आणली, पण ती पाच-सात मिनिटं चालते आणि थांबते. दहा मिनिटांनी आपली आपण सुरू होते, तोवर मऊ झालेला रंग पुन्हा दगडासारखा घट्ट. या सगळ्या खटपटीत दारावर तळहाताएवढे तीन काळे डाग पडलेले.

जुन्या दारं-खिडक्यांचा रंग उतरवण्याचं काम मी गेली अकरा वर्षं करतेय. वाडे पडतायत, दारं फ्लॅटमध्ये जातायत, त्यामुळे हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सगळं नीट लिहून काढते. बहुतेक वेळा गन खराब नसते. गन बंद पडणं, रंग चिकटणं आणि लाकूड करपणं या तीन तक्रारी बहुतेक एकत्रच येतात, कारण तिन्हींचं मूळ एक आहे: थोड्या जागेत, फार जवळून, फार वेळ दिलेली उष्णता. गन बंद पडते तेव्हा ती तुम्हाला तेच सांगत असते.

नेमकं काय बंद पडतंय ते आधी बघा

गनमध्ये एक पंखा, त्याच्या पुढे तापणारी तार आणि एक सुरक्षा-कट असतो. पंख्याची हवा तारेवरून जाते, तापते आणि तोंडातून बाहेर पडते. ती हवाच तारेला गारही ठेवते. हवा कमी पडली की तार प्रमाणाबाहेर तापते आणि कट वीज तोडतो. निवलं की पुन्हा जोडतो. आतेभावाची गन दहा मिनिटांनी आपोआप सुरू होत होती, म्हणजे कट आपलं काम चोख करत होता.

गन बंद पडण्याऐवजी घरातला एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर दुखणं गनचं नाही, लाईनचं आहे. पंखा चालू पण हवा गार, आणि अर्ध्या तासानंतरही गारच, तर तार तुटलीये. आवाज खाली-वर होतोय, तोंडातून ठिणग्या येतायत किंवा वायरपाशी हात लावला की गन चालू-बंद होतेय, तर ती तिथेच ठेवा आणि दुरुस्तीला न्या. अशी गन "एवढा एक पॅनल करून घेतो" म्हणून वापरू नका.

धायरीला गेले तेव्हा आतेभावानं मला करून दाखवलं. मी काही न बोलता पाच मिनिटं नुसती बघत होते. गन दुसऱ्या बटणावर, म्हणजे ६०० अंशांवर. तोंड लाकडापासून जेमतेम बोटभर लांब. मुठीत धरताना त्याच्या तळव्यानं मागची अर्धी जाळी झाकलेली, आणि उरलेल्या अर्ध्या जाळीत हिरव्या रंगाचे कपचे अडकलेले. मध्ये थांबला की तो गन आडवी करून खरवडलेल्या रंगाच्या ढिगावरच ठेवायचा. मग पंखा तेच कपचे आत ओढणार. तारेवर पडलेला कपचा जळतो, आणि तोंडातून ठिणगी होऊन बाहेर उडतो.

मी प्लग काढायला लावला, गन निवू दिली आणि जुन्या टूथब्रशनं जाळी साफ केली. आतून काय निघालं ते त्यानं वर्तमानपत्रावर मांडून बघितलं: रंगाचे बारीक तुकडे, लाकडाचा भुसा आणि गच्चीत वाळत घातलेल्या गोधडीचा कापूस. "एवढं सगळं आत?" म्हणाला. एवढं सगळं आत, आणि गन आणून दोन महिनेही झालेले नाहीत.

तोंड फार जवळ नेलं तरीही हेच होतं. बाहेर पडणारी हवा लाकडावर आपटून परत तोंडात शिरते, पुढे जायला वाट उरत नाही आणि तार तापते. चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं आडवी मावतील इतकं अंतर कायम ठेवा. गनबरोबर मिळणाऱ्या अरुंद तोंडाच्या टोप्या मोठ्या सपाट पॅनलला लावू नका. तिथे रुंद, चपटं तोंडच बरं.

लाईन, बोर्ड आणि एक्सटेन्शन

२००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर. आपल्या घरातलं टीव्ही-चार्जरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. गीझर-इस्त्रीचं मोठं १६ चं. गन मोठ्या सॉकेटलाच लावायची. कन्व्हर्टर लावून छोट्यात घुसवलेली गन चालते खरी, म्हणूनच फसायला होतं. पंधरा मिनिटांनी प्लग काढून त्याच्या पिनांजवळ बोट नेऊन बघा. चटका बसत असेल तर आत संपर्क जळायला लागलाय.

एक्सटेन्शन घ्यायचंच असेल तर १६ अँपिअरचं, जाड वायरचं घ्या. रीळवालं असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतून इतका करंट गेला की आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर निघत नाही आणि वायरीचं प्लास्टिक मऊ पडतं. तापकीर गल्लीत वायर घेताना "हीट गनसाठी, २००० वॉट" असं स्पष्ट सांगा, दुकानदार बरोबर जाडी देतो.

जुन्या वाड्यात काम करत असाल तर आणखी सावध राहा. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग, चिनीमातीचे फ्यूज, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि फ्यूजमध्ये कुणीतरी कधीतरी जाड तार बसवून ठेवलेली. अशा लाईनवर गन लावू नये हे माझं ठाम मत आहे. दार-खिडकी काढून आणता येत असेल तर आणा. नाहीच तर वायरमनकडून मीटरपासून वेगळी लाईन ओढून घ्या, तिच्यावर एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. पावसाळ्यात गच्चीत, अंगणात, ओल्या फरशीवर हे काम करूच नका.

लाईट जाण्याचंही बघून ठेवा. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जायची ती बहुधा गुरुवारी, म्हणून मी गुरुवारी गन काढतच नाही. चालू गनची वीज अचानक गेली की पंखा थांबतो, तार मात्र लाल असते. त्या एका झटक्यात तार किंवा तिचा अभ्रकाचा आधार जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे माणूस गन तशीच ठेवून चहाला जातो आणि लाईट येते. लाईट गेली की पहिल्यांदा गनचं बटण बंद करायचं, मग प्लग काढायचा, मग बाकीचं. रोजचं काम संपवतानाही बटण एकदम बंद न करता दोन मिनिटं सगळ्यात कमी उष्णतेवर चालू द्या आणि मग बंद करून शेपटीवर उभी ठेवा, तोंड वर. तोंड निवायला चांगली वीस मिनिटं लागतात. तोवर लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ती नको.

रंग निघत नाही, नुसता लिडबिडतो

आता मुख्य काम. बहुतेक जण रंग जाळायला जातात. रंग जाळायचा नसतो, नुसता मऊ करायचा असतो. दूध तापताना वर साय धरते आणि तिला सुरकुती पडते, तसंच ऑइल पेंटचं होतं. आधी चमक जाते, मग बारीक सुरकुत्या पडतात, मग एखादा फुगा उठतो. सुरकुती आणि फुगा यांच्या मध्ये जो क्षण असतो, त्यातच पट्टी, म्हणजे रंग खरवडायची पत्र्याची पट्टी, लावायची. फुगा फुटला, धूर आला, रंग तपकिरी पडला, म्हणजे तुम्ही उशीर केलात. करपलेला रंग डांबरासारखा होतो, पट्टीला चिकटतो, लाकडाच्या रेषांत बसतो आणि निघता निघत नाही. मग माणूस उष्णता वाढवतो, आणि काम आणखी बिघडतं.

गन डाव्या हातात, पट्टी उजव्या. डावखुरे असाल तर उलट. गन सारखी हलती ठेवायची, वीतभर जागेत सावकाश पुढे-मागे. पट्टी गनच्या मागोमाग दोन-तीन सेंटिमीटरवर चालली पाहिजे. दोघींची चाल जमली की रंग सालपटासारखा लांबच लांब उलगडतो, आणि तो आवाजही वेगळा असतो, ओल्या नारळाचं खोबरं काढताना येतो तसा. पट्टीची धार कोपऱ्यांना किंचित गोल करून घ्या, म्हणजे लाकडात रुतणार नाही. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं ओढा, आडवी मारू नका.

उष्णता कमीपासून सुरू करा. माझी गन मी ३०० च्या आसपास ठेवते, फार तर ४००. अंश म्हणजे तोंडातून निघणाऱ्या हवेचे, लाकडाचे नाहीत. तरी आकडे लक्षात असू द्या: लाकडाचा रंग २०० अंशांच्या पुढे बदलायला लागतो आणि ३०० च्या आसपास त्याचा कोळसा व्हायला लागतो. ६०० च्या हवेखाली एक जागा अर्धं मिनिट धरली तर काय होणार ते आतेभावाच्या दारावर दिसतंच आहे.

सात हात एका दमात काढायचा हट्ट नको. वरचे तीन-चार हात आधी, पूर्ण पॅनलभर. मग खालचे. एकाच वेळी सगळे काढायला गेलं की वरचा रंग जळतो आणि खालचा अजून कडक असतो.

काही गोष्टी गननं निघतच नाहीत. मिस्त्री ज्याला लांबी म्हणतात, ती खाच-खळगे भरायला वापरलेली खडूची भर, उष्णतेनं मऊ पडत नाही. ती ओली करून खरवडा. भिंतीवरचा चुना आणि डिस्टेंपर यांना गन लावणं म्हणजे वीज फुकट, ते पाण्यानं भिजवून निघतात, आणि तापलेला गिलावा मात्र तडकतो. जुन्या कपाटावरचं लाखेचं पॉलिश स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं की विरघळतं. लोखंडी गजांवर गन चालते, पण लोखंड उष्णता पळवून नेतं आणि दुसऱ्या टोकाला धरलेल्या हाताला चटका बसतो. गजांना वायर ब्रशच बरा.

खिडकीला काच असेल तर काढून ठेवा. निघत नसेल तर काचेवर कार्डबोर्ड आणि त्यावर पत्रा धरा. काचेचा एक कोपरा तापला आणि बाकीची गार राहिली की ती तडकते, आणि तडकते ती आवाज करून, अंगावर.

नक्षीवर गन जवळजवळ वापरू नका. दारावरच्या गणेशपट्टीवरची बारीक वेल, कमळं, मेहरपीची टोकं सगळ्यात आधी करपतात, कारण पातळ लाकूड लवकर तापतं. तिथे मी गन वीतभर लांबून फक्त ऊब देते आणि बांबूच्या टोकदार काडीनं रंग उचलते. एका गणेशपट्टीला मला नऊ दिवस लागले होते.

पडलेल्या काळ्या डागांवर कुठलंही औषध नाही. कोळसा झालेलं लाकूड खरवडूनच काढावं लागतं: आधी पट्टीची धार उभी धरून, मग ८० चा आणि १२० चा काचपेपर. आतेभावाच्या दारावरचे तीनपैकी दोन डाग गेले. तिसरा खोल आहे, तो राहणार.

रिमूव्हर, म्हणजे रंग उतरवायचं रसायन, आणि गन एकत्र कधीही नाही. काही रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं, ते तापलं की त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि तो विषारी वायू आहे. आधी रिमूव्हर लावून बघितला असेल तर तो पाण्यानं धुऊन, दार पूर्ण वाळवून, मगच गन. थिनर आणि टर्पेंटाइनचे डबे काम चालू असताना त्या खोलीतच नकोत. गरम लाकडावर थिनरचा बोळा फिरवणं म्हणजे पेटवून देणंच.

तळाचा शेंदरी किंवा गुलाबी थर

आतेभावाच्या दाराचा एक कोपरा मी ब्लेडनं तिरका कापला आणि त्याला भिंगातून बघायला लावला. वर आयव्हरी, खाली चॉकलेटी, मग दोन वेगवेगळे हिरवे, मग मोरपंखी, मग पांढरट एक, आणि अगदी लाकडाला लागून मारुतीच्या अंगावर असतो तसा शेंदरी रंग. तो थर दिसल्यावर मी काम थांबवायला सांगितलं.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुन्या काळी अस्तरात तोच घालत. लाकडावरचं गुलाबी अस्तर म्हणजे पांढरं शिसं आणि शेंदूर यांचं मिश्रण. वरच्या हिरव्या-पिवळ्या रंगांतही शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, २०१६ च्या नियमांनी. म्हणजे त्याआधी लावलेला कुठलाही ऑइल पेंट शिशाचा असू शकतो असं धरूनच चालायचं. वाड्याच्या दारावर तर नक्कीच.

शिसं शरीरात जातं ते धुळीतून आणि धुरातून. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही. गरोदर बाई आणि सहा वर्षांखालची मुलं कामाच्या जागी, त्या गच्चीत, त्या जिन्यातही नकोत. आतेभावाची मुलगी चार वर्षांची आहे. ती रोज दाराशी बसून रंगाचे कपचे गोळा करत होती, रंगीबेरंगी असतात म्हणून. त्यांच्या डॉक्टरांना सांगून तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायला मी लावलं. वहिनी घाबरल्या होत्या, पण तपासून घेतलेलं बरं.

अमेरिकेत शिशाच्या रंगावर १,१०० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सिअसपेक्षा गरम गन वापरायला बंदी आहे, कारण त्या उष्णतेला शिशाचा धूर होतो. आपल्या बाजारातल्या बऱ्याच गनचं दुसरं बटण ६०० च्या घरात आहे. म्हणून जुन्या रंगावर दुसरं बटण नाहीच. कमी उष्णतेतही बारीक कण उडतात, तेव्हा कामाची पद्धतही बदलावी लागते. शेंदरी थर लागला की मी गन ठेवून देते. पाण्याचा फवारा मारून पट्टीनं ओलंच खरवडते. कोरडा काचपेपर किंवा ग्राइंडर तर मुळीच नाही. एन-९५ मास्क धुळीला उपयोगी आहे, धुराला नाही. धुरासाठी कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि तो असला तरी खिडक्या उघड्या हव्यातच.

खाली ताडपत्री, ताडपत्रीवर ओलं केलेलं गोणपाट आणि गरम सालपटं टाकायला लोखंडी घमेलं. वर्तमानपत्र अंथरू नका, गरम सालपट त्यावर पडलं की ते पेटतं. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. कामाचे कपडे वेगळे धुवा. हात आणि तोंड धुतल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. सालपटं निवल्यावर जाड पिशवीत बांधून, घातक कचरा म्हणून वेगळं सांगून द्या. कुंडीत, अंगणात टाकू नका.

धूर आपल्याला दिसत नाही तिथे होतो

शनिवार पेठेतल्या एका वाड्यात मी खिडकीच्या चौकटीचा रंग काढत होते. चौकट भिंतीतच होती, काढता येत नव्हती. साडेबाराला मी गन बंद केली, सगळं आवरलं आणि आम्ही जेवायला बसलो. दोनच्या सुमाराला घरातल्या आजी म्हणाल्या, "अगं, गोवरी पेटल्यासारखा वास येतोय बघ." मी म्हटलं, आजी, खाली कुणी कचरा जाळत असेल. त्या म्हणाल्या, "कचऱ्याचा वास मला कळतो. हा नाही." जाऊन बघितलं तर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून, जिथे लाकूड आणि मातीची भिंत भेटते तिथून, उदबत्तीएवढा बारीक धूर वर जात होता.

चौकटीमागे पोकळी होती आणि पोकळीत चिमण्यांचं जुनं घरटं. गनची गरम हवा फटीतून आत गेली होती. घरटं पेटलं नव्हतं, नुसतं धुमसत होतं, दीड तास. आम्ही कळशीनं पाणी ओतलं, वरची एक वीट काढली, आतून वाळलेल्या काड्यांचा लाल निखारा निघाला. वर कडीपाट, म्हणजे लाकडी छत होतं. आजींना वास आला नसता तर त्या रात्री काय झालं असतं हे मी आजही मनात आणत नाही.

त्या दिवसापासून माझे काही नियम आहेत आणि ते मी कुणासाठीही मोडत नाही. भिंतीत बसलेल्या चौकटीला, फटीपासून वीतभर अंतरात, गन लावायची नाही. तेवढा भाग ओला खरवडायचा. काम सुरू करण्याआधी फटीत टॉर्च मारून बघायचं आणि भुसा, जाळी, घरटं, वाळवीनं पोखरलेलं लाकूड असेल ते काढायचं. पाण्यानं भरलेली बादली आणि फवाऱ्याची बाटली हाताशी ठेवायची. दुपारी चारनंतर गन चालवायची नाही, म्हणजे उजेडात दोन-तीन तास नजर ठेवता येते. गन बंद केल्यावर एक तास तिथेच थांबायचं, दर पंधरा मिनिटांनी चौकटीवर हात फिरवायचा आणि नाक लावून वास घ्यायचा. लाकूड निवण्याऐवजी ऊबदार होत जात असेल तर आत काहीतरी धुमसतंय.

धूर दिसला तर आधी प्लग काढा, मग पाणी. पोकळीतला धूर पाण्यानंही थांबत नसेल तर तो बाहेरून विझवत बसू नका, १०१ ला फोन करा आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा.

घरातली बाकीची कामं

जुना सनमायका उपटायला गन फार छान. कडेपासून ऊब देत गेलं की खालचा रबरी गोंद सुटतो. स्टिकर, टेप, लेबल यांना तर सगळ्यात कमी उष्णता आणि लांबूनच. गंजलेला नट नुसता तापवून सुटतो, पण आसपास ऑइल, ग्रीस किंवा प्लास्टिक नको. वायरीवरची श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापली की आवळणारी प्लास्टिकची नळी, शंभरेक अंशांतच आवळते, त्यामुळे तिथेही लांबून, गन हलती ठेवून.

पीव्हीसी पाईप वाकवताना आत कोरडी वाळू भरा, म्हणजे पाईप चेपत नाही. रंग पिवळा-तपकिरी पडायला लागला किंवा झोंबणारा वास आला की लगेच थांबा, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. फ्रीजमधला बर्फ, गॅसचा पाईप किंवा रेग्युलेटर, ओली भिंत, जुना सिमेंटचा पत्रा यांच्यावर गन कधीच नाही. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. केस वाळवायला म्हणून मुलांनी ती उचलू नये यासाठी ती कुलपात ठेवा. दिसायला हेअर ड्रायरसारखी असली तरी तिची हवा कितीतरी पट गरम असते.

अंगावर सुती, घट्ट कपडे. ओढणी, नायलॉनची साडी, सैल बाह्या नकोत. बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, धातू तापतो. चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. चटका बसला तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाईही नको. फोड आले तर फोडू नका. तळहाताएवढा भाजला असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर सरळ दवाखाना.

रंग निघाल्यानंतर

आतेभावाचं दार आता निम्मं उघडं झालंय. ३५० अंश, तीन बोटं अंतर, साफ जाळी आणि १६ चं सॉकेट. गेल्या दोन रविवारांत गन एकदाही बंद पडली नाही. तळाचा शेंदरी थर तो ओला खरवडतोय, सावकाश. मुलगी त्या दिवशी आजोळी असते.

परवा त्यानं विचारलं, आता वर काय लावू. सागाला मी जवसाचं उकळलेलं तेल लावते, तीन पातळ हात, दोन हातांच्या मध्ये एक-दोन दिवस. पण तेलाचे बोळे आणि चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यातून उष्णता तयार होते. गोळा करून ठेवलेल्या चिंधीत ती साठत जाते आणि काडी न लावता चिंधी पेटते. म्हणून काम संपलं की लगेच चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवायच्या, किंवा बाहेर दोरीवर एकेक उलगडून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळवायच्या. आतेभावानं गच्चीतल्या दोरीवर त्यासाठी सहा चिमटे वेगळे लावून ठेवलेत.